एकेक फेकू की सगळे एकदम?

दिवाळीची आवराआवर चालू आहे, कर्वेनगरच्या आमच्या घरात पॅसेजभर रद्दीचे गठ्ठे, आणि "उद्या येतो" म्हणणारा रद्दीवाला चार दिवस गायब. भाची अकरावी सायन्सला आहे, तिने ते गठ्ठे बघून विचारलं, मामा, चाकाच्या खुर्चीवर बसून हे मागे फेकले तर मी पुढे जाईन ना, मग एकेक फेकू की सगळे एकदम?

मी ऐटीत सांगून टाकलं की काही फरक पडत नाही, मोमेंटम (वजन गुणिले वेग) कायम, जेवढं मागे तेवढं पुढे.

ती म्हणाली, "अरे पण दुसरा गठ्ठा फेकताना मी आधीच पुढे चाललेली असणार ना?"

गप्पच बसलो. कारण गठ्ठ्याचा वेग मोजायचा तो जमिनीपासून नाही, फेकून झाल्यावर खुर्चीपासून तो किती वेगाने लांब जातो तो, आणि मी नेमका तिथेच घसरलो होतो. मग बसलो कागद घेऊन. समजा सगळं मिळून १०० किलो, त्यातलं ९० फेकायचं, उरणार १०. एकदम फेकलं तर फेकण्याच्या वेगाच्या ०.९ पट वेग मिळतो. ४५-४५ करून दोनदा फेकलं तर १.२७ पट! ९-९ किलोचे दहा केले तर १.९६. आणि बारीक बारीक करत अगदी धूर सोडल्यासारखं फेकलं तर २.३ च्या आसपास जाऊन थांबतं, म्हणजे १० चा नॅचरल लॉग (e या संख्येच्या पायावरचा लॉगरिदम).

गंमत शेवटच्या गठ्ठ्यात आहे. पहिल्या ९ किलोच्या वेळी १०० किलोचा बोजा असतो, तो जेमतेम ०.०९ पट वेग देतो, शेवटच्याच्या वेळी उरलेले असतात १९ किलो, म्हणून तोच ९ किलोचा गठ्ठा ०.४७ देऊन जातो. वजन तेच, काम पाचपट.

एकदम फेकून तुम्ही फेकण्याच्या वेगापुढे कधीच जाऊ शकत नाही, काहीही करा. रॉकेटला मात्र जावंच लागतं, कारण इंधन जळून बाहेर पडणारा वायू साधारण सेकंदाला २.५ ते ४.५ किलोमीटरने जातो आणि पृथ्वीभोवती जवळून फिरत राहायला ७.८ लागतात. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्हस्कीने हे गणित १९०३ मध्ये छापलं होतं. आपल्या इस्रोचं पीएसएलव्ही रॉकेट निघताना ३२० टनांपर्यंत भरतं, वर पोचवतं दोन टनांच्या आतबाहेर, आणि वाटेत रिकाम्या झालेल्या स्टेज, म्हणजे रॉकेटचे टप्पे, टाकत जातं कारण रिकामी टाकीसुद्धा ओझंच.

आमचे बाबा म्हणतात, रॉकेट हवेला ढकलतं. १९२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनेही अमेरिकन रॉकेट-संशोधक गॉडर्डची अशीच टिंगल केली होती, हवा नाही तिथे रॉकेट कशाला रेटणार म्हणून, आणि चूक मान्य केली ती थेट जुलै १९६९ मध्ये, अपोलो ११ चंद्राकडे निघाल्यावर. त्यामुळे बाबांना अजून बराच वेळ आहे.

मग काय, पार्किंगमध्ये प्रयोग. दोन किलोचा गठ्ठा फेकला की खुर्ची दोन बोटं सरकायची आणि चाकं अडून थांबायची, पुढच्या गठ्ठ्याला परत शून्यापासून सुरुवात. म्हणून दहा किलो एकदम उचलले तर ते फेकलेच जाईनात, मांडीवरून घरंगळले, वर सुतळी सुटली. वॉचमनकाका बघतायत, भाची हसतेय, आणि त्याच वेळी गेटमधून रद्दीवाला आत.