मे महिना, नागपूर आणि तापलेला लॅपटॉप

मे महिन्यात लॅपटॉप का तापतो असं नागपूरकराला विचारू नये. इथं टाकीचं पाणी तापतं, गाडीची सीट तापते, दुपारी भिंतीला हात लावला तरी चटका बसतो, मग लॅपटॉपच तेवढा कसा सुटेल. बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की आजूबाजूचं तापमान ३५ अंशापर्यंत असावं. आपल्याकडे नवतपा (मेच्या शेवटाचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की बाहेर ४५ आणि वरच्या मजल्यावर कुलर बंद असला की खोलीत ४० सहज, म्हणजे बटण दाबायच्या आधीच आपण हद्दीबाहेर.

पण सगळा दोष उन्हावर ढकलून पण चालत नाही. डिसेंबरातही नुसता ब्राउझर उघडल्यावर फॅन घोंगावत असेल तर गडबड आतली आहे.

माझ्या लॅपटॉपचं तेच झालेलं. बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, एका दुकानात दिला आणि तिथंच उभा राहून बघत बसलो. मागचं झाकण काढलं तर फॅन बऱ्यापैकी स्वच्छ, मी म्हटलं चला काही नाही, तर तो पोरगा म्हणतो, "भाऊ, फॅन चांगला आहे तुमचा, पण हवा जाईन कुठून?" मग त्यानं फॅनचे स्क्रू काढून तो बाजूला केला आणि फॅन नि जाळीच्या मधल्या फटीतून चिमट्यानं एक करडी पट्टी ओढून काढली, जुन्या लोकरीच्या चिंधीसारखी, धूळ, केस, कपड्यांचे धागे सगळं दाबून दाबून घट्ट झालेलं. गंमत म्हणजे बाहेरून यातलं काहीच दिसत नाही, म्हणून लोक वरवर ब्रश मारतात आणि साफ केलं म्हणून सोडून देतात.

आतली व्यवस्था तशी साधी आहे. प्रोसेसरवर उष्णता पुढं पोचवणारी पेस्ट, पेस्टवर तांब्याचा तुकडा, त्याला चपटी तांब्याची नळी, नळीच्या टोकाला पातळ पत्र्यांची जाळी आणि जाळीतून हवा मारणारा फॅन. नळीत बहुतेक थोडंसं पाणी असतं, गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला जाऊन परत पाणी, असं चालूच. पण शेवटी जाळीतून हवाच गेली नाही तर बाकी सगळं असून नसल्यासारखं. पेस्टही जुनी झाली की सुकते, ती त्याच वेळी बदलून घ्यायची. घरी ब्लोअर मारणार असाल तर फॅनचं पातं काडीनं अडवून धरा, नाहीतर तो नको तेवढ्या जोरात फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते.

साफसफाईनंतर त्याच कामाला ९५ अंशाच्या पुढं जाणारा प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा ८० च्या आत आला. आकडा एचडब्ल्यूइन्फो नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दिसतो. बरेच प्रोसेसर १०० च्या आसपास पोचले की स्वतःच वेग कमी करतात, म्हणून दुपारी लॅपटॉप रेंगाळतो आणि आपण व्हायरस आला म्हणून अँटीव्हायरस टाकतो, जो अजून तापवतो!

दुसरा उपाय फुकटचा, आणि माझा आवडता. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट असतं, ते १०० चं ९९ करा (काही नवीन मॉडेलमध्ये हा पर्याय लपवलेला असतो). एकच टक्का दिसतो पण बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर त्यानं टर्बो, म्हणजे गरज पडली की प्रोसेसरचा वेग नेहमीपेक्षा वर नेणारी सोय, बंद होतो. शेवटचा थोडासा वेग मिळवायला प्रोसेसरला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि उष्णता वेगाच्या मानानं कितीतरी जास्त निघते. एक्सेल, मेल, मीटिंग यात टर्बो गेल्याचं मला तरी जाणवत नाही, व्हिडिओ एडिट करणाऱ्याला नक्की जाणवेल, त्यानं ते काम पहाटे उरकावं.

कूलिंग पॅडबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. खालून हवा मारतो ठीक आहे, पण जाळी तुंबलेली असेल तर उपयोग काय, आणि जाळी साफ असेल तर मागच्या बाजूला दोन जाड पुस्तकं टेकवून लॅपटॉप वर उचलला तरी बराचसा फरक पडतो. गादीवर, उशीवर ठेवू नका, हवा खालच्या भोकांतून आत जाते आणि गादी तीच बंद करते. मांडीवरही नको, रोज तासन्‌तास ठेवला तर कातडीवर लालसर तपकिरी जाळीदार डाग पडतात. कुलरसमोर चालेल, खोली थंड झाली की लॅपटॉपही त्या हिशोबानं थंड, फक्त पाण्याचे तुषार उडतात तिथून लांब. आणि फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला देणारे महाभाग आहेत, त्यांचं ऐकू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

एक गोष्ट मात्र घरी करायची नाही. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटतोय, क्लिक होत नाहीये, किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय तर बॅटरी फुगलेली असू शकते. तेव्हा चार्जर काढा, बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोचायचा तर विचारही नको, सरळ दुकानात न्या. बॅटरी उष्णतेनं लवकर म्हातारी होते, त्यातून दिवसभर १०० टक्क्यांवर चार्जरला लावलेली असली की आणखीच. लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर निदान पाऊस पडेपर्यंत ती चालू ठेवा.