चारची मिस्सा आणि मोगऱ्याच्या कळ्या

फोटोतला बुके पिओनीचा होता. लग्नाची फुलं करायचं काम माझं, म्हणून नवरीने मोबाइल माझ्या हातात दिला खरा, पण तिचं लक्ष ओटीवर मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसलेल्या आजीकडे होतं. वसईतलं हे ख्रिस्ती कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या फुलं पिकवतं. पहाटेची लोकल धरायची आणि मोगरा, कागडा, सोनचाफा दादरच्या फूलबाजारात पोचवायचा, हा त्यांचा रोजचा धंदा. आणि घरच्या मुलीच्या हातात विमानाने आलेलं फूल!

पिओनीला थंड हवा लागते, मे महिन्यातल्या वसईत ती फार काळ तग धरणार नाही, एवढं मी सांगितलं. तशी नवरी पटकन म्हणाली, "ताई, मग आमच्या वाडीतल्या फुलांचा होईल का हो बुके?"

तिच्या बाबांना ते पटेना. "आपली फुलं हाराची, गजऱ्याची. गाऊनवर कशी शोभणार?"

मी विचारलं, चर्चमधली लग्नाची मिस्सा किती वाजता? चारला. आणि रिसेप्शन? सातला. लग्नाची फुलं ठरवताना लोक आधी रंगाचं बोलतात. मला आधी वेळ कळावी लागते, कारण प्रत्येक फुलाचा एक प्रहर असतो आणि तो चुकला की कितीही पैसे ओतले तरी उपयोग नाही.

तिला सगळ्यात जास्त हवा होता सोनचाफा. त्याला मी स्पष्ट नाही म्हटलं. पहाटे तोडलेला चाफा उन्हाळ्यात दुपार कलेपर्यंत कडेने तपकिरी होतो, आणि जिथे बोट लागेल तिथे सगळ्यात आधी. तिचा चेहरा उतरला. मग आजीच म्हणाली, "चाफा सकाळी घरी माळ. प्रार्थना तर घरीच आहे ना."

मोगऱ्याचं मात्र गणित जुळत होतं. सकाळी तोडलेली टपोरी कळी दिवसभर मिटलेली राहते आणि संध्याकाळी उमलते. म्हणजे चर्चमध्ये घट्ट, मोत्यांसारखा पांढरा बुके, आणि रिसेप्शनला तोच बुके उमललेला आणि घमघमणारा.

अडचण देठाची. बुकेला धरायला दांडा हवा, मोगऱ्याला तो जवळपास नसतोच. एकेक कळी बारीक तारेत ओवता येते, पण तार खुपसली की कळी लवकर मलूल होते आणि मे महिन्यात तो धोका मला नको होता. आजीने केळीच्या सोपट्याचा ओला दोरा काढला आणि कळ्या दाटीने गुंफत गेली. मी एकेरी निशिगंधाच्या दांड्यांची मोळी बांधून मोळीच्या माथ्याला गोल आकार दिला, त्यावर आजीचे सर गुंडाळले, कडेला कागड्याची एक ओळ दिली. दुहेरी निशिगंध दिसायला भरदार असतो, पण वास एकेरीलाच जास्त. दांड्यांच्या टोकांना ओला कापूस, वरून हिरवी टेप आणि साटिनची रिबन.

तयार बुके ओल्या मलमलीत गुंडाळून डब्यात ठेवला. बर्फ डब्याखाली, फुलांपासून लांब. बर्फाचं पाणी कळ्यांना थेट लागलं तर पाकळी तांबूस पडते.

करवल्यांचे बुके कार्नेशनचे होते, ते आदल्या रात्रीच पोचले होते. कोणीतरी ते सावली बघून आतल्या खोलीत ठेवले. त्याच खोलीत आंब्यांची अढी! पिकणाऱ्या आंब्यातून इथिलीन वायू सुटतो. त्याने कार्नेशनच्या पाकळ्या आत वळतात आणि पुन्हा उघडत नाहीत. बादल्या उचलून मी विहिरीजवळच्या पडवीत नेल्या तेव्हा घरातली माणसं बघतच राहिली. वेदीजवळच्या लिलींचे पराग आम्ही सकाळीच कात्रीने काढले होते. गाऊनवर त्यांचा पिवळा डाग पडला तर तो सहजासहजी निघत नाही.

चार वाजता नवरी आत गेली तेव्हा मी मागच्या बाकावर होते. कळ्या सगळ्या मिटलेल्या. मिस्सा संपून फोटो सुरू झाले तसा कडेचा एकेक सर सैलावू लागला, आणि सातच्या सुमारास हॉलमध्ये तिच्याशी हात मिळवायला आलेली माणसं आधी बुकेकडे वाकत होती. बाबा दोनदा येऊन बघून गेले.

कळ्यांचे पैसे घ्यायला ते तयार नव्हते. मी दादरचा त्या दिवसाचा भाव विचारून घेतला आणि तेवढी रक्कम बिलातून वजा केली. गुंफण्याची मजुरी आजीच्या नावावर वेगळी लिहिली.