रँकर आणि खवट खोबरं

आज भाचीला इंग्रजीचा धडा समजावताना 'रँकर' शब्द आला. मनात धरून ठेवलेला आकस, हा अर्थ ठाऊक होता. शब्दकोशात मूळ पाहिलं आणि तिथेच थबकले. लॅटिनमध्ये 'रँकोर' म्हणजे कुबट, खवट वास! जुन्या फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. खवट तेलातुपाला म्हणतात तो 'रॅन्सिड' त्याचाच भाऊ. राग भडकतो आणि निवतो. रँकर मात्र डब्यात झाकून ठेवलेल्या खोबऱ्यासारखा, आतल्या आत खवट होत जाणारा.

आमच्या नात्यातली दोन घरं बांधावरून कित्येक वर्षं बोलत नाहीत. मूळ भांडणारे कधीच गेले, तरी नातवंडं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. फार जीव तुटतो. या दिवाळीत मी दोन्हीकडे फराळ घेऊन जाणार आहे.