अस्वलाला कोण विचारतं!

माणसाचं चित्र काढताना हात भिडस्त होतो. नाक जरा सरळ करायचं, हनुवटी आवरायची, नको तिथली सुरकुती गाळायची. तोच माणूस अस्वल म्हणून काढायचा म्हटलं की पेन्सिल सुसाट सुटते. 'मी एवढा जाड दिसतो?' असं अस्वल थोडंच विचारणार!

मानसशास्त्रानेही ही पळवाट हेरली. लुइटगार्ड ब्रेम-ग्रेझर यांनी १९५७ साली जर्मन भाषेत एक चाचणीच मांडली : मुलांनी आपलं कुटुंब प्राण्यांच्या रूपात काढायचं. आता बाबा सिंह म्हणजे धाक, आजी कासव म्हणजे सोशिकपणा, असला रोकडा हिशेब मला काही पटत नाही. बाबा सिंह झाले ते कदाचित आयाळ गिरबटायला मजा येते म्हणून. बघायचं ते दोन प्राण्यांमधल्या कोऱ्या कागदाकडे. मांजरीने कुत्र्याकडे पाठ फिरवलीय, पण शेपूट त्याच्याच पंजावर टाकलंय. त्या एका शेपटीत अबोला आहे आणि तो संध्याकाळपर्यंतही टिकणार नाही, हेही आहे. माणसं काढून हे दाखवायला शेपूट आणायचं कुठून? आणि उंदीर हत्तीएवढा काढणाऱ्या पोराला मापाचं भान नाही म्हणतात. घरात कुणाचं किती चालतं, याचं भान त्याला पक्कं असतं.

मोठे चित्रकारही यातून सुटले नाहीत. मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो आणि धिप्पाड चित्रकार दिएगो रिव्हेरा यांच्या लग्नाला फ्रिडाच्या घरच्यांनी हत्ती आणि कबुतराचं लग्न म्हटलं होतं. फ्रिडाने १९४६ साली स्वतःला काढलं ते हरीण म्हणून. अंगात नऊ बाण, चेहरा तिचाच, आणि निर्विकार. बाण मारणारा चित्रात कुठेच नाही. कुणी दिएगोकडे बोट दाखवतं, कुणी तिच्या दुखऱ्या मणक्याकडे.

पिकासोचं प्राणीरूप म्हणजे ग्रीक पुराणकथेतला मिनोटॉर, माणसाच्या धडावर बैलाचं डोकं. १९३३च्या चित्रांत तो पिऊन मातलेला दिसतो. पुढच्याच वर्षी तो आंधळा होतो, हातात काठी येते आणि एक लहान मुलगी त्याला वाट दाखवत नेते. तिचा चेहरा त्याच्या प्रेयसीच्या, मारी-तेरेज वॉल्टरच्या वळणाचा. मस्तवाल बैल म्हणून मिरवायला पिकासोला आवडतच असणार. पण आंधळा बैल, तोही एवढ्याशा पोरीच्या भरवशावर? माणसाचं डोकं ठेवून हे त्याने काढलं असतं, असं मला तरी वाटत नाही.