मादिराँ, बाटली चौथी: दोष वाइनचा नव्हता

मागच्या नोंदीत मी मादिराँ या फ्रेंच तांबड्या वाइनपुढे जवळजवळ हात टेकले होते. सहा बाटल्यांच्या पेटीतल्या तीन संपल्या, तरी दर वेळी दुसऱ्या घोटानंतर हिरड्यांवर सुपारीचे खांड चघळल्यासारखा कोरडेपणा उरत होता, आणि तो वाइनचाच दोष आहे असे मी ठामपणे लिहूनही टाकले होते. परवा चौथी बाटली उघडली आणि ते विधान मागे घेण्याची वेळ आली.

नैऋत्य फ्रान्समध्ये, पिरिनीज पर्वताच्या पायथ्याकडच्या गास्कोनीतल्या या वाइनला १९४८ मध्ये अपेलासिओंचा, म्हणजे संरक्षित प्रादेशिक नावाचा दर्जा मिळाला. तिचे मुख्य द्राक्ष तानात. सालीत टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारे द्रव्य, इतके की, कोवळ्या वयात ती अंगावर येते. हा तुरटपणा मवाळ करण्यासाठी इथले वाइन उत्पादक पात्रिक द्युकुर्नो यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला इथेच टाकीतल्या वाइनमध्ये प्राणवायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे सोडण्याची रीत विकसित केली. मग आपण डिकँटरवर, म्हणजे वाइन ओतून हवेवर ठेवायच्या रुंद भांड्यावर, इतका भरवसा टाकण्यात गैर ते काय, असे मला वाटत होते. पहिली बाटली मी उघडल्या उघडल्या प्यायले, दुसरी दोन तासांनी, तिसरी सहा तासांनी. तिसऱ्या वेळी गंध सुरेख मोकळा झाला, काळी बोरे, आलुबुखार, ज्येष्ठमध आणि मागून किंचित धूर असा. तुरटपणा मात्र होता तिथेच होता. वाइनच्या दुकानदारांचे ‘दोन तास हवेवर ठेवा, बाई’ हे पेटंट उत्तर मी आता निम्मेच खरे मानते.

चूक ताटात होती. तुलूझच्या बाजारातून आणलेली बदकाची कॉन्फी, म्हणजे मीठ लावून स्वतःच्याच चरबीत मंद शिजवलेली, तंगडी मी तिन्ही वेळा गरम पाण्यातून काढून, कातडी सोलून, टिपकागदावर दाबून वाढली होती, कारण एवढी चरबी पाहून माझा जीव दडपत असे. म्हणजे जी चरबी आणि जे मीठ या वाइनला हवे होते, तेच मी नळाखाली वाहवून टाकत होते. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरते, म्हणून तोंड कोरडे पडते; घासात मांसाची प्रथिने आणि चरबी असली की, त्याला धरायला दुसरे काहीतरी मिळते, आणि मीठ कडवटपणा दाबते.

परवा एका तंगडीवर जुनाच संस्कार केला; दुसरी तिच्या चरबीसकट कातडी वर करून, ती पापडासारखी कुरकुरीत होईपर्यंत ओव्हनमध्ये ठेवली. दोन्ही एकाच ताटात, पेला एकच. सोललेल्या तुकड्यावर वाइन पूर्वीसारखीच खवळली. कातडीच्या घासावर मात्र तोच घोट मऊ झाला, मधली गोडसर फळे पुढे आली आणि तुरटपणा जीभ पुसून घेण्यापुरताच उरला, इतका की पुढचा घास हवासा वाटावा. हा क्षण मी दोनदा, मग तिसऱ्यांदा तपासला. शास्त्रासाठीच, असे समजावे.

तापमानाचाही हात होता, हे नाकारता येत नाही. यापूर्वी बाटली स्वयंपाकघरातल्या फळीवर असे आणि उन्हाळ्यात तिथे २६ अंश सहज होतात. तेवढ्या उष्णतेत मद्यार्क नाकात झोंबतो. या वेळी ती १७ अंशांवर असताना पेल्यात ओतली. मात्र दोन्ही तंगड्यांना एकाच पेल्यातली वाइन होती, त्यामुळे मुख्य श्रेय चरबीला आणि मिठालाच.

तांबड्या रश्श्याबरोबर ही वाइन चालेल का, असे ज्यांनी विचारले होते, त्यांच्यासाठी एका ओळीत: करू नका. मिरचीची आग मद्यार्काने भडकते, टॅनिन तिच्यावर खडबडीत बसते, आणि रस्सा व वाइन दोन्ही वाया जातात.

पाचव्या बाटलीबरोबर ओसो-इराती हे मेंढीच्या दुधाचे, शेजारच्याच डोंगराळ मुलखातले चीज काढण्याचे ठरले होते. पण हे लिहीत असतानाच एक शंका डोक्यात आली: काम चरबीने केले की मांसातल्या प्रथिनांनी? चीजमध्ये चरबी आणि प्रथिने दोन्ही असल्याने त्याचा निकाल लागणार नाही. ओव्हनच्या थाळीत साचलेली चरबी मी काचेच्या बरणीत गाळून ठेवली आहे. तेव्हा चीज पुढे ढकलून आधी बटाट्याच्या चकत्या लसणाबरोबर त्याच चरबीत परतणार, मीठ तंगडीइतकेच घालणार आणि तंगडी मुळीच वाढणार नाही.