आवाजाचं भिंग, नोंद ४ : कापसाच्या खोलीत दोन तुराट्या

दोन तुराट्या किती जवळ असल्या तरी आवाजानं वेगवेगळ्या ओळखता येतात, हे पाहायचंय. त्यात फुगा बाद. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर मिसळून निघालेल्या वायूनं भरलेला तो फुगा. कार्बन डायऑक्साइडमध्ये आवाज हवेपेक्षा हळू चालतो, म्हणून गोल फुगा त्याला भिंगासारखा एकवटतो. साध्या शिट्टीवर हे छान जमलं. ४० किलोहर्ट्झवर मात्र पलीकडे काहीच पोचेना. दोन दिवस वायरी तपासल्या. त्या ठीक होत्या. या वारंवारतेच्या आसपास त्या वायूचे रेणूच ध्वनीची ऊर्जा गिळतात. भिंग म्हणून काळी काच लावून बसलो होतो.

मग छपरावरची बंद पडलेली टीव्हीची ६० सेंटिमीटरची छत्री (डिश) उतरवली. जागाही आयती मिळाली : भाव वाढेल या आशेनं मधल्या खोलीत कापूस भरलाय, आणि त्यात शिरलेला आवाज परत येत नाही. बाबा दारातून म्हणाले, "कापूस इकाचा हाय का त्याले गाणं आयकवाचं हाय?" ऐकू तर मांजरीलाच येतं, स्विच दाबला की कान टवकारते.

तरंगलांबी ८.६ मिलिमीटर, म्हणजे १.२२ गुणिले तरंगलांबी भागिले व्यास या हिशेबानं दोन वस्तू वेगळ्या कळायला साधारण १ अंशाचं अंतर हवं. ३ मीटरवर ५ सेंटिमीटर. (दुर्बीणवाल्यांसाठी : १५० मिलिमीटरच्या आरशाइतकी बारकाई आवाजानं हवी तर छत्री २.३ किलोमीटरची लागेल. आमच्या घरापासून पार धरणाच्या भिंतीपर्यंत.) छत्री दूरच्या उपग्रहासाठी घडलेली, म्हणून रिसीव्हर ५ सेंटिमीटर मागे घ्यावा लागला.

दोन तुराट्या ५ सेंटिमीटरवर उभ्या केल्या आणि छत्री अर्ध्या-अर्ध्या अंशानं फिरवली. आलेखात एकच उंचवटा. ६ वरही एकच. वैतागून एक तुराटी जरा मागे सरकवली, जेमतेम २ मिलिमीटर, आणि मधोमध स्पष्ट दरी उघडली!

जाण्यायेण्याचं अंतर ४ मिलिमीटरनं वाढलं, म्हणजे अर्धी तरंगलांबी, आणि दोन प्रतिध्वनी एकमेकांना खोडू लागले. रॅलेचा निकष, म्हणजे वरचा १.२२ चा हिशेब, ताऱ्यांना चालतो, कारण दोन ताऱ्यांच्या प्रकाशाचा एकमेकांशी ताळमेळ नसतो. माझ्या दोन्ही तुराट्यांवर एकाच भोंग्याचा (ट्रान्समीटरचा) आवाज पडतो, म्हणून त्या कधी गळ्यात गळे घालतात, कधी फारकत घेतात. आता प्रत्येक मांडणीत ट्रान्समीटर थोडाथोडा हलवून वीसेक आलेखांची सरासरी काढायची, मगच ५ चा आकडा खरा मानायचा.

गुरुवारी व्यापाऱ्याची गाडी येतेय. त्याआधी उरकायला हवं.