आमची वाटचाल : मुरवतीच्या जाहिरातींकडून आकड्यांकडे

गोव्यातल्या फोंड्यातला आमचा छापखाना वडिलांनी काढला तो लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि जत्रेतल्या नाटकांची हँडबिले छापायला. लग्नसराई आणि जत्रा सोडल्या तर यंत्र रिकामेच असायचे, म्हणून मी कुळागर (नारळ-पोफळीची बागायत), परसबाग आणि घरदुरुस्ती या विषयांचे मासिक सुरू केले. वर्गणीदार हळूहळू अडीच हजारांच्या घरात गेले. पण वर्गणीत कागद आणि टपाल सुटते, पगार सुटत नाहीत. पगार जाहिरातींतून.

जाहिराती होत्या, पण बहुतेक मुरवतीच्या. चवथीला गणेशभक्तांना हार्दिक शुभेच्छा, खाली मालकाचा फोटो. ओळखीने मिळायच्या आणि ओळख पातळ झाली की जायच्या. उरलेल्या खाणपट्ट्यातल्या : ट्रकचे टायर, बॅटऱ्या, गॅरेज. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि डिचोली-सांग्याकडच्या त्या जाहिराती बघता बघता आटल्या. मग मी नवी गिऱ्हाइके शोधत पंपवाले, रंगवाले, नर्सरीवाले यांच्याकडे फिरू लागलो. एका पंपविक्रेत्याने आमचे रेटकार्ड, म्हणजे जाहिरातींच्या दरांचा तक्ता, उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाला, "बाब, तुमचो आंकडो बरो, पूण गिरायक खंय आसा?"

त्याचे काही चुकत नव्हते. अडीच हजार हा खपाचा आकडा. खप तपासून दाखला देणारी 'ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स' १९४८ पासून आहे, पण तिचा दाखलासुद्धा प्रती किती गेल्या एवढेच सांगतो. त्या प्रती घेणाऱ्यांत विहीर कोणाकडे आहे, पंप कोणाचा जुना झाला, हे त्यात येत नाही. देशभरच्या मोठ्या वाचक-पाहण्या असतात, पण त्यांच्या नमुन्यात, म्हणजे प्रश्न विचारायला निवडलेल्या लोकांत, आमच्यासारख्या मासिकाचे वाचक सापडले तरी बोटावर मोजण्याइतके. तेव्हा पाहणी आपणच करायची.

माझा बेत सोपा होता. अंकात एक कार्ड घालायचे, उत्तराचे टपाल आपण भरायचे, आली तेवढी कार्डे मोजायची. माझी भाची एका कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते. ती म्हणाली, "मामा, कार्ड परत पाठवणार कोण? ज्यांना वेळ आहे आणि ज्यांना तुम्ही आवडता ते. बाकीच्यांचे काय?" आणि तिने १९३६ सालच्या अमेरिकेची गोष्ट सांगितली. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका धाडल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यांवरून त्यांनी रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असे छापले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकले. नावे घेतली होती टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदींतून, म्हणजे मंदीच्या काळातले बऱ्या स्थितीतले लोक. त्यातही ज्यांना रूझवेल्टचा राग होता त्यांनी हौसेने उत्तरे दिली. जनमत पाहण्या करणाऱ्या जॉर्ज गॅलपने कितीतरी लहान नमुना घेऊन निकाल बरोबर सांगितला. एका नियतकालिकाचा हा किस्सा असल्याने मला तो जास्तच झोंबला असावा. कार्डाचा बेत तिथेच मोडला.

ठरले असे, की वर्गणीची वही तालुकावार लावायची, पहिल्या सहा नावांतून चिठ्ठीने एक उचलायचे आणि तिथून दर सहावे नाव घ्यायचे. असे चारशेच्या आसपास लोक. तालुकावार लावल्यामुळे प्रत्येक तालुक्याला आपापला वाटा आपोआप मिळतो. चारशेच का, याचे उत्तर मला सगळ्यात आवडले. चारशे जणांच्या उत्तरातली टक्केवारी साधारण पाच टक्के इकडे-तिकडे असू शकते, आणि शंभरातल्या पंचाण्णव वेळा खरा आकडा त्या पट्ट्यात पडतो. ही चूक निम्म्यावर आणायची तर नमुना दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो. सोळाशे घरी फोन करण्याची आमची ऐपत नव्हती आणि पंपवाल्याला अडीच टक्क्यांची बारीकी नकोही होती.

खरे काम फोनचे. दुपारी केला तर घरात म्हातारी माणसे, म्हणून संध्याकाळी आणि रविवारी. उचलला नाही तर पुन्हा, तरीही नाही तर त्या गावातला आमचा अंक वाटणारा पोरगा दारात. शेजारचे नाव घालून भागवायचे नाही, हा भाचीचा दंडक. ज्यांना चिवटपणे गाठावे लागले त्यांची उत्तरे तिने वेगळी लावून पहिल्या झटक्यात सापडलेल्यांशी ताडून पाहिली. उशिरा सापडलेले लोक नोकरी-धंदा करणारे, वयाने लहान, आणि खरेदीत पुढे. कार्डांवर विसंबलो असतो तर नेमके हेच हातचे गेले असते.

प्रश्नांवर आमची बरीच हुज्जत झाली. उत्पन्न विचारायचे नाही, हे पहिले. गोव्यात कोणी सांगत नाही, सांगितले तरी भाटकार (जमीनदार) कमी सांगतो आणि दुकानदार त्याहून कमी. त्याऐवजी घरातल्या वस्तू आणि मुख्य कमावत्याचे शिक्षण विचारायचे. देशात ग्राहकांचे वर्ग पाडायची एक रूढ पद्धत याच दोन गोष्टींवर उभी आहे. बागायत किती, हे विचारले तेव्हा दोन-चार मोठ्या कुळागरवाल्यांनी सरासरी इतकी फुगवली की रेटकार्डावर ती झकास दिसली असती. आम्ही छापला तो मध्यक : सगळे वर्गणीदार जमिनीच्या क्रमाने उभे केले तर मधोमध जो येतो त्याची जमीन. आकडा लहान निघाला. पण लहान पंप विकणाऱ्याला तोच हवा होता.

जाहिराती बघता का, असे विचारले की सगळेच हो म्हणतात. म्हणून आम्ही जुन्या अंकातल्या जाहिरातींची पाने दाखवली आणि त्यात आमच्याच छापखान्यात एक बनावट जाहिरात जुळवून घातली, कधीच कुठे न छापलेली. तीही पाहिल्याचे सांगणारे निघाले. एक आजोबा तर म्हणाले, त्या कंपनीचा माल चांगला, आमच्या व्याह्यांनी घेतला आहे. खोटी जाहिरात जितक्यांना आठवली तितका भाग आम्ही खऱ्या जाहिरातींच्या आकड्यातून वळता केला.

वाचनालयांच्या प्रती मुळातच वेगळ्या ठेवल्या. तिथली एक प्रत बरेच जण वाचतात. ती घरच्या प्रतींत मिसळली की दर प्रतीमागचे वाचक उगाच वाढतात.

हाती आले त्यात एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती. मुंबई-पुण्याचे पत्ते असलेल्या वर्गणीदारांना मी जाहिरातींच्या हिशेबात धरतच नव्हतो. ते काय फोंड्यात येऊन रंग घेणार? पण यांतल्या बहुतेकांचे गावात वडिलोपार्जित घर, आणि चवथीआधी त्याची डागडुजी ठरलेली. पावसाआधी कौले परतायची, चवथीआधी भिंतींना रंग काढायचा, आणि हे सगळे मुंबईहून फोनवर ठरवायचे. गडी-कारागीर कोण, माल कोणाकडे, हे त्यांना आमच्या पानांतून हवे होते. कौलवाले, रंगवाले आणि वॉटरप्रूफिंगवाले यांच्यासाठी आम्ही एप्रिल आणि जुलैच्या अंकांचे वेगळे दर काढले ते यावरून.

तोच पंपविक्रेता पुन्हा भेटला तेव्हा म्हणाला, मला फक्त सत्तरी तालुक्याचे सांगा. सत्तरीतून नमुन्यात तीसच्या आसपास लोक. तिसांच्या उत्तराला अठरा टक्के इकडे-तिकडे धरावे लागते, म्हणजे चाळीस टक्के म्हटले तर खरा आकडा बावीसही असेल आणि अठ्ठावन्नही. तेच सांगितले, आणि सत्तरी, धारबांदोडा, फोंडा एकत्र करून आकडा दिला. तो हसला. आजवर आलेल्या कोणत्याही जाहिरातवाल्याने त्याला आपला आकडा किती डळमळीत आहे हे सांगितले नव्हते म्हणे. वर्षभराचे अर्धे पान मिळाले, सवलत न मागता.

पाहणी म्हणजे निम्मेच काम. जाहिरात लागल्यावर गिऱ्हाईक आले का, हा प्रश्न दर महिन्याला येतो. छापखाना स्वतःचा असल्याचा इथे फायदा होतो : एकाच जाहिरातीचे दोन मजकूर करून निम्म्या प्रतींत एक, निम्म्यांत दुसरा, आणि कुपनांवर वेगळी खूण. आता समजा एका मजकुरावर ३१ कुपने आली, दुसऱ्यावर २४. विक्रेता लगेच पहिला मजकूर कायम करा म्हणतो. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही सहज पडतो, दुप्पट कुपने आली असती तर बोललो असतो, हे त्याला पटवायला चहाचे दोन कप लागतात.

एका मोठ्या बिल्डरने जाहिरात नको, वर्गणीदारांची यादीच द्या म्हटले, किंमत सांगा. दिली नाही. फोन करताना आम्ही प्रत्येकाला सांगितले होते की नाव बाहेर जाणार नाही. शिवाय २०२३ सालचा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा आहे, संमती ज्या कामापुरती घेतली त्याच कामाला माहिती वापरायची असते. जाहिरातदाराला आम्ही गट दाखवतो, माणूस नाही. आणि गट फार लहान असेल तर तोही नाही, कारण आमच्या गावांत जुना ट्रॅक्टर, दोन विहिरी, मुलगा दुबईला एवढे सांगितले की घर ओळखू येते.

शुभेच्छांच्या जाहिराती चवथीच्या अंकात अजून येतात आणि त्या मी घेतो. ओळखीही सांभाळाव्या लागतात. पण मासिक त्यांच्यावर उभे नाही. सध्या भाचीशी वाद चालला आहे तो नमुन्यावरून : नवे वर्गणीदार मोबाईलवरून पैसे भरतात आणि त्यांचा पत्ता तालुकावार वहीत नीट बसत नाही. तिचे म्हणणे त्यांचा वेगळा थर, म्हणजे गट, करावा आणि त्यांतून जरा जास्त लोक घ्यावेत, मग वजन देऊन, म्हणजे त्यांचे प्रत्येक उत्तर तेवढे कमी धरून, हिशेब जुळवावा. माझे म्हणणे, जास्त लोक म्हणजे फोनचे जास्त पैसे. पाऊस सरला की फोन सुरू करायचे आहेत, तोवर मिटवावे लागेल.